दुसरेपणाची

लग्न होऊन नव्या घरी आलेली एकवीस वर्षांची मुलगी. घर म्हणजे समुद्राकाठचा अवाढव्य वाडा, स्वागताला नोकरचाकरांची फलटण. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती चुकतमाकत एका खोलीत शिरते. तिथं लिहायचं टेबल आहे, टेबलाला कप्पे आहेत आणि कप्प्यांवर नीटस चिठ्ठ्या: उत्तरं द्यायची राहिलेली पत्रं, घरखर्च, जेवणाचे बेत. हस्ताक्षर नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं. मुलगी अंग चोरून खुर्चीत बसते न बसते तोच फोन वाजतो. मिसेस डी विंटर आहेत का, अशी पलीकडून विचारणा होते. मुलगी सांगून टाकते, की तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, मिसेस डी विंटरना जाऊन वर्ष उलटलं. फोन बाहेरचा नसतोच. तो घरातल्या घरात जोडलेला, आणि पलीकडे असते वाड्याची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स. मिसेस डी विंटर म्हणजे आता आपणच, हे त्या मुलीच्या डोक्यात शिरेपर्यंत व्हायची ती शोभा झालेली असते.

डॅफ्ने ड्यू मॉरिए यांच्या ‘रिबेका’ या कादंबरीतला हा प्रसंग. वाचून वर्षं लोटली, कथानकाचे तपशील पुसट झाले, तरी हा फोन बहुतेक वाचकांच्या लक्षात असतो. एवढ्याशा प्रसंगात अख्खी कादंबरी मावली आहे. मेलेली बाई घर चालवते आहे, जिवंत बाईला स्वतःचा पत्ता नाही, आणि हे सगळं सांगणारी तीच, जिची फजिती झाली ती.

या मुलीला नाव नाही. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिच्याच तोंडून येतं, पण तिला नावाने हाक मारलेली कुठेच ऐकू येत नाही. नाव सुंदर आहे, जरा वेगळं आहे, एवढं नवरा बोलून जातो. त्याची पहिली चिठ्ठी येते तेव्हा पाकिटावर नावाचं स्पेलिंग बरोबर असल्याचं तिला अप्रूप वाटतं. एवढेच काय ते धागेदोरे. लग्नानंतर ती ‘मिसेस डी विंटर’ होते, म्हणजे जे नाव आधीच दुसरीचं आहे ते. आणि जी कादंबरीत एकदाही जिवंत समोर येत नाही, त्या रिबेकाचं नाव मुखपृष्ठावर.

ऑगस्ट १९३८ मध्ये लंडनच्या व्हिक्टर गोलांझ यांनी ही कादंबरी काढली. पहिली छपाई २० हजारांची. महिन्याभरात त्याच्या दुपटीहून जास्त प्रती खपल्या. १९३८ ते १९६५ या काळात २८,२९,३१३ प्रती गेल्याची नोंद आहे. तेव्हापासून आजवर हे पुस्तक बाजारातून कधी गायब झालेलं नाही. २००३ मध्ये बीबीसीने ‘बिग रीड’ नावाने ब्रिटनच्या वाचकांचा कौल घेतला, त्यात ते १४वं आलं. २०१७ मध्ये डब्ल्यू. एच. स्मिथ या जुन्या पुस्तकविक्रेत्या साखळीने आपल्या २२५व्या वर्षानिमित्त कौल घेतला, तेव्हा वाचकांनी ‘रिबेका’ला थेट पहिल्या नंबरवर बसवलं. समीक्षकांचं गणित मात्र पहिल्यापासून चुकत आलं होतं. १९३८ मध्ये कुणी याला स्वस्त प्रेमकथेच्या पंक्तीत बसवलं होतं. व्ही. एस. प्रिचेट यांच्यासारख्या मुरलेल्या लेखकानेही आज आहे, उद्या नाही असंच भविष्य वर्तवलं होतं.

प्रकाशकांनी तरी दुसरं काय केलं? त्यांनीही ती प्रेमकथा म्हणूनच विकली. लेखिकेच्या लेखी हा मत्सराचा अभ्यास होता, आणि वाचकांना तो आवडेल याची तिला फारशी खात्री नव्हती.

हा मत्सर घरचाच होता. डॅफ्ने यांचं लग्न १९३२ मध्ये ग्रेनेडियर गार्ड्‌समधले अधिकारी फ्रेडरिक ब्राउनिंग यांच्याशी झालं. ब्राउनिंग यांचं त्याआधी जॅन रिकार्डो नावाच्या तरुणीशी लग्न ठरलं होतं, ते मोडलं. तिची जुनी पत्रं डॅफ्ने यांच्या हाती पडली. सही ऐटदार, आडनावातला ‘आर’ उंच आणि झोकदार. बाई दिसायलाही देखणी. नवरा अजून मनातून तिचाच असेल का, हा किडा तेव्हा डोक्यात शिरला तो निघाला नाही. कादंबरीत तो ‘आर’ जसाच्या तसा आला आहे. माँटे कार्लोत मॅक्सिम डी विंटर त्या मुलीला कवितांचं पुस्तक वाचायला देतो. आत रिबेकाने लिहून दिलेलं पान. मुलगी ते पान कापते, फाडते, केराच्या टोपलीत टाकते आणि तेवढ्यावर समाधान होत नाही म्हणून काडी ओढते. कागदाची राख होत जाते, सगळ्यात शेवटी जळतो तो ‘आर’. रात्री जागून हे पान वाचणाऱ्याला पुढे खून आहे की नाही हे ठाऊक नसतं, पण मुलीच्या हातातली काडी बघून पोटात खड्डा पडतो.

लिहायला सुरुवात झाली ती इंग्लंडात नव्हे, इजिप्तमध्ये. १९३७. ब्राउनिंग यांची पलटण अलेक्झांड्रियात होती. बाहेर काहिली, घरात पाहुण्यांची वर्दळ. कमांडिंग ऑफिसरची बायको म्हटल्यावर मेजवान्या द्यायच्या, नोकरांना हुकूम सोडायचे, ओळखपाळख नसलेल्या बायकांशी गोड बोलायचं. डॅफ्ने यांना यातलं काहीच जमत नव्हतं. त्यांना कॉर्नवॉलचा पाऊस आठवत होता, झाडीत दडलेला मेनाबिलीचा वाडा आठवत होता. पहिले सुमारे पंधरा हजार शब्द लिहून झाले आणि त्यांनी ते फाडून टाकले. इंग्लंडात परतल्यावर पुन्हा बैठक मारली आणि १९३८ च्या एप्रिलमध्ये हस्तलिखित गोलांझ यांच्या कचेरीत पोचलं.

नोकरांना घाबरणारी मालकीण हे कादंबरीतलं चित्र त्या अलेक्झांड्रियातून आलेलं आहे. एका प्रसंगात नायिकेच्या हातून चिनी मातीचा एक नाजूक मदनपुतळा फुटतो. घर तिचं, वस्तू तिची, विचारणारं कोणी नाही. तरी ती तुकडे गोळा करते, पाकिटात घालते आणि टेबलाच्या खणात पार मागे सारते. पुढे आळ एका गड्यावर येतो, प्रकरण नवऱ्यापर्यंत जातं आणि मिसेस डॅन्व्हर्ससमोर मालकिणीला शाळकरी पोरीसारखी कबुली द्यावी लागते. खुनाच्या कादंबरीत फुटक्या पुतळ्यावर एवढी पानं कोण खर्च करतं? पण ‘रिबेका’चा थरार असल्या ठिकाणीच आहे.

मराठीत एक म्हण आहे, मन चिंती ते वैरी न चिंती. ड्यू मॉरिए यांच्या निवेदनाची सगळी यंत्रणा या सहा शब्दांवर चालते. नायिकेला जे दिसतं त्याच्या दहापट ती कल्पनेने बघते. नोकर स्वयंपाकघरात आपल्याबद्दल काय बोलत असतील, शेजारच्या बायका चहाला बसल्यावर कशी तुलना करत असतील, हे ती संवादांसकट रंगवते. ते घडलं आहे की तिच्या डोक्यातलं आहे, हे वाचणाऱ्यालाही काही वेळा मागे जाऊन तपासावं लागतं. नवरा गाडीने लंडनला गेला की वाटेत अपघात झाला असणार, इथून सुरू होऊन तिची गाडी थेट अंत्यविधीपर्यंत जाते. तो सुखरूप पोचल्याचा निरोप येतो आणि बाईसाहेबांना कडकडून भूक लागते! हे वाचून हसू येतं, कारण नवऱ्याचा फोन लागला नाही तर आपण वेगळं काय करतो?

पण लेखिकेने याच सवयीचा डाव केला आहे. नायिका सगळे अंदाज बांधते आणि मूळ अंदाजच चुकतो. रिबेका देखणी, हुशार, सगळ्यांची लाडकी, म्हणजे मॅक्सिम तिला विसरू शकत नाही, हे तिने गृहीत धरलं आहे. आपणही धरतो, कारण दुसऱ्या कुणाचे डोळे आपल्याला दिलेलेच नाहीत. ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांनी इथे पुढचे दोन परिच्छेद गाळावेत. ऐंशीहून जास्त वर्षांचं पुस्तक असलं तरी रहस्य ते रहस्य.

समुद्राच्या तळाशी रिबेकाची होडी सापडते, आत प्रेत सापडतं आणि मॅक्सिम कबूल करतो: मी तिला गोळी घातली, मला तिचा तिटकारा होता. नवऱ्याने बायकोचा खून केला आहे आणि तो समोर बसून सांगतो आहे. अशा वेळी नायिकेच्या मनात काय यावं? त्याचं तिच्यावर प्रेम नव्हतं! बाकी काही तिच्या कानात शिरत नाही. आणि वाचक, जो एरवी वर्तमानपत्रात अशी बातमी वाचून संतापला असता, तोही सुटकेचा श्वास सोडतो. इथून पुढची सगळी प्रकरणं आपण खुनी सुटावा म्हणून जीव मुठीत धरून वाचतो. त्या लाजाळू, नखं कुरतडणाऱ्या, गबाळ्या मुलीने आपल्याला केव्हा आपल्या बाजूला ओढलं हे कळलेलंही नसतं. रिबेकाची बाजू सांगायला कुणी उरलेलं नाही. पुढे २००१ मध्ये सॅली बोमन यांनी ‘रिबेकाज टेल’ लिहून ती मांडायचा प्रयत्न केला. त्याआधी १९९३ मध्ये सुझन हिल यांनी ‘मिसेस डी विंटर’ नावाचा उत्तरार्ध लिहिला होता. दोन्ही पुस्तकं वाचली गेली, पण मूळच्या मुलीचा आवाज एकदा कानात बसला की दुसरा आवाज परका वाटतो.

हॉलिवूडला हा डाव पेलला नाही. आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९४० चा चित्रपट गाजला, त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. हिचकॉक यांच्या चित्रपटांपैकी हा मान मिळालेला हा एकच. पण तेव्हाच्या अमेरिकी चित्रपटसृष्टीच्या आचारसंहितेत बायकोला मारणारा नवरा मोकळा सुटणं बसत नव्हतं. म्हणून पडद्यावरची रिबेका अपघाताने पडून मरते. एका फटक्यात कादंबरीतली सगळी नैतिक पंचाईत धुऊन निघाली. तरी नायिकेचं बुजरेपण तिथे अस्सल उतरलं, आणि त्याची कहाणी जरा क्रूर आहे. मॅक्सिम झालेल्या लॉरेन्स ऑलिव्हिए यांना नायिका म्हणून व्हिव्हियन ली हवी होती. ते ही भूमिका मिळालेल्या जोन फाँटेन यांच्याशी तुटक वागत. सेटवर कुणालाच तू आवडत नाहीस, असं हिचकॉक यांनीही तिला भासवून दिलं. कॅमेऱ्यासमोर जी भेदरलेली बाई दिसते तिला अभिनयाची फार गरज उरली नव्हती.

मराठी वाचकाला या गोष्टीत पहिल्याच प्रकरणात काहीतरी ओळखीचं लागतं. आपल्याकडे यासाठी शब्द तयार आहेत. बिजवर नवरा. दुसरेपणावर दिलेली मुलगी. मॅक्सिम बेचाळीस वर्षांचा, ती एकवीसची. जुन्या काळी अनेक घरांत दुसरी बायको पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायची. अविधवा नवमीला पहिलीच्या नावाने सवाष्ण जेवायला बसायची आणि तिला वाढायचं काम दुसरीकडे. सवत मेली तरी ती घरात मोजली जायची. ‘रिबेका’ची नायिका टाक घालत नाही. पण किनाऱ्यावर फिरायला निघताना कुणीतरी तिच्या अंगावर रेनकोट टाकतो, तो तिला लांब होतो, खिशात हात जातो आणि एक चुरगळलेला रुमाल निघतो. त्यावर रिबेकाच्या नावाची अक्षरं, लिपस्टिकचा गुलाबी डाग आणि अझेलियाच्या फुलांचा शिळा वास. गळ्यातल्या टाकाची थंडी याहून वेगळी नसावी.

नावाचंही तसंच. नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत आपल्याकडे होती, काही घरांत अजून आहे. माहेरचं नाव त्या तांदळांबरोबर डब्यात परत जायचं. त्यामुळे नायिकेला नाव का नाही, या प्रश्नावर इंग्रजी वाचक जेवढा अडखळतो तेवढी मराठी वाचणारी बाई अडखळेल असं वाटत नाही. ड्यू मॉरिए यांनी स्वतः दिलेलं उत्तर अगदी साधं आहे: नाव सुचेना, मग नावाशिवाय निभतं का हे बघण्याची ईर्षा वाटू लागली, आणि प्रथमपुरुषी निवेदनात ते सोपं गेलं. पण त्यांच्या स्वतःच्या नावाची गोष्टही गमतीची आहे. त्यांचे खापरपणजोबा रॉबेर-मातुरँ ब्यूसाँ हे फ्रान्समधले काच फुंकणारे कारागीर. ते इंग्लंडात आले आणि खानदानी वाटावं म्हणून त्यांनी आडनावाला ‘ड्यू मॉरिए’ हे शेपूट लावलं. पुढे पणजोबा-आजोबांनी ते खरं मानलं. डॅफ्ने यांनी शोध घेऊन ही बनवाबनवी उघड केली आणि १९६३ मध्ये त्यावर ‘द ग्लास-ब्लोअर्स’ ही कादंबरी लिहिली. शिवाय नवऱ्याला सर ही पदवी मिळाल्यावर जगाच्या लेखी त्या ‘लेडी ब्राउनिंग’ झाल्याच.

हिंदीत ‘रिबेका’ आली ती १९६४ मध्ये, ‘कोहरा’ होऊन. निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार, दिग्दर्शक बिरेन नाग, नायक विश्वजीत, नायिका वहिदा रहमान. नायिकेला इथे नाव मिळालं, राजेश्वरी. हिंदी पडद्यावर बिननावाची नायिका चालवणं बहुधा कुणाच्या डोक्यातही आलं नसेल. पण ‘कोहरा’ लक्षात राहतो तो वाड्याच्या दाईमुळे. मिसेस डॅन्व्हर्सची ती भूमिका ललिता पवार यांनी केली. येवल्यात जन्मलेली, जन्मनाव अंबा असलेली ही मराठी बाई दारात नुसती उभी राहिली तरी खोलीतला उजेड कमी झाल्यासारखा वाटतो. सासूच्या भूमिकांत त्यांना पाहिलेल्या प्रेक्षकाला इंग्रजी कारभारीण समजावून सांगायची गरजच पडली नाही. पुढे २००८ मध्ये अनंत महादेवन यांनी याच गोष्टीवर ‘अनामिका’ काढला. त्यातही एक खोच आहे: अनामिका हे नाव नव्या बायकोचं नाही, आधीच्या बायकोचं. जिला नाव नव्हतं तिच्याकडून तेही काढून सवतीला दिलं!

मराठी रहस्यकथेत अशी निवेदक सहसा सापडत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडाने पिढ्यान्‌पिढ्यांची झोप उडवली, पण तिथे सूत्रं पुरुषांच्या हाती. बाई असायची ती संकटात सापडलेली, नाहीतर संकट घेऊन आलेली. भीती तिच्या आतून, तिच्याच आवाजात सांगावी, हे फार कमी वेळा झालं.

कादंबरीच्या वाट्याला आलेले योगायोग तिच्यातल्या कथानकापेक्षा कमी नाहीत. १९४२ मध्ये हंगेरियन वाळवंटशोधक लास्लो अल्माशी यांनी लिबियाच्या वाळवंटातून दोन जर्मन हेर इजिप्तमध्ये नेऊन सोडले. कैरोतून पाठवायच्या सांकेतिक संदेशांसाठी किल्ली म्हणून जे पुस्तक ठरलं होतं, ते ‘रिबेका’. ज्या देशात ते लिहायला घेतलं होतं तिथेच ते पाच वर्षांनी हेरांच्या सामानात पोचलं. हेर पकडले गेले. केन फॉलेट यांनी १९८० मध्ये त्यावर ‘द की टू रिबेका’ लिहिली. १९४७ मध्ये वाङ्‌मयचौर्याच्या दाव्यासाठी ड्यू मॉरिए यांना न्यूयॉर्कच्या कोर्टात उभं राहावं लागलं. ज्या वहीत त्यांनी प्रकरणवार आराखडा लिहिला होता ती वही पुरावा म्हणून पुढे आली. मॅक्सिमचं नाव त्या वहीत हेन्री आहे, आणि आता कादंबरीच्या सुरुवातीला असलेला मजकूर तिथे शेवटी आहे. दावा फेटाळला गेला.

मिखाएल कुन्झे आणि सिल्वेस्टर लेवाय यांचं ‘रिबेका’ हे संगीत नाटक २००६ मध्ये व्हिएन्नात आलं आणि तिथून जपान, कोरियापर्यंत गेलं. श्रेयनामावलीत नायिकेचं नाव फक्त ‘इख’, म्हणजे जर्मनमध्ये ‘मी’. २०१२ मध्ये ते ब्रॉडवेवर येणार होतं. एका धनाढ्य गुंतवणूकदाराने पैसे घालायचं कबूल केलं, मग तो मलेरियाने वारल्याची बातमी आली, मग असा माणूस कधी नव्हताच हे उघडकीस आलं आणि प्रयोग गुंडाळला गेला. नाव होतं, माणूस नव्हता. ड्यू मॉरिए यांनी हे रचलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

बीबीसीच्या १९७९ च्या मालिकेत बिननावाची ती मुलगी जोआना डेव्हिड यांनी केली होती. १९९७ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर नवी मालिका आली तेव्हा तीच भूमिका एमिलिया फॉक्स यांच्याकडे गेली. एमिलिया ही जोआना यांची मुलगी.

वाचक मात्र अजून वाडा शोधत कॉर्नवॉलला जातात. फॉई गावाच्या नदीपलीकडे फेरीसाइड, ड्यू मॉरिए कुटुंबाने १९२६ मध्ये घेतलेलं घर. तिथून काही मैलांवर मेनाबिली. डॅफ्ने यांनी तो वाडा १९४३ मध्ये रॅशली घराण्याकडून भाड्याने घेतला, डागडुजी केली आणि १९६९ पर्यंत तिथे राहिल्या. म्हणजे कादंबरीतला मँडर्लीचा वाडा आधी पुस्तकात आला, मग त्या मेनाबिलीत राहायला गेल्या. आणि मालकीण कधीच झाल्या नाहीत, भाडेकरूच राहिल्या. वाडा आजही खाजगी आहे, आत सोडत नाहीत. लोक मग किनाऱ्याच्या पायवाटेने पोलरिडमथच्या खाडीपर्यंत चालतात. तिथं पाण्यालगत घर आहे. कादंबरीतली रिबेकाची किनाऱ्यावरची झोपडी हीच, असं ठरवून टाकतात आणि फोटो काढतात. १९३० मध्ये या किनाऱ्यावर एक जहाज आदळलं होतं. कादंबरीत धुक्यात जहाज खडकावर चढतं, पाणबुड्या तळाशी उतरतो आणि रिबेकाची होडी सापडते, त्याची मुळं तिथे असावीत.

स्पेनमध्ये तर गोष्ट कपड्यांच्या दुकानात पोचली आहे. हिचकॉकच्या चित्रपटात जोन फाँटेन साध्या, समोर बटणं असलेल्या लोकरी जॅकेटात वावरते. तिथल्या बायकांना ते इतकं आवडलं की त्या जॅकेटाला चित्रपटाचंच नाव पडलं. आजही स्पॅनिशमध्ये कार्डिगनला ‘रेबेका’ म्हणतात. चित्रपटात रिबेका एकदाही दिसत नाही. ते जॅकेट अंगात घालते ती दुसरी.